क्लॅरोनेट ऐकू येणारा हेडफोन

कागलच्या कारखान्यातली माझी नोकरी कायम झाली, तेव्हा मी स्वतःसाठी एकच गोष्ट ठरवली होती. एक चांगला हेडफोन घ्यायचा. तोवर मोबाइलबरोबर फुकट आलेल्या नाहीतर स्टँडबाहेर घेतलेल्या वायरींवर भागवलं होतं. त्यातला एक कान महिन्याभरात बंद पडायचा. मग वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली की तो थोडा वेळ पुन्हा बोलायचा. कोल्हापूर ते कागल, रोज जाता-येता, मी अशी वायर धरून गाणी ऐकली आहेत.

बजेट तीन हजारांचं होतं. तेवढ्यात काय बसतं हे शोधायला मी महिनाभर व्हिडिओ बघितले, लोकांची मतं वाचली आणि मोबाइलमध्ये चार नावांची यादी केली. बेस कशाला म्हणतात, बॅटरी किती तास टिकायला हवी, सगळं मला तोंडपाठ झालं होतं. एका रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या दुकानात जायला निघाले, तर आप्पा चपला घालून दारात उभे.

आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवलं. पुढचे दात गेल्यावर फुंक धरता येईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी थांबले.

"तीन हजाराचं ऐकायचं यंत्र," ते म्हणाले, "आणि कानवाला माणूस घरात ठिवून चाललीयास?"

त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला नको म्हणायचंही नव्हतं.

दुकानदार चाळिशीचा, बोलका माणूस होता. माझी यादी बघून त्याने पहिला हेडफोन काढला आणि तो माझ्याऐवजी आप्पांच्या हातात दिला. "घ्या पावणं. बेस असा हाय की खिडक्या वाजत्यात."

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मला म्हणाले, "ती भाचीच्या लग्नातली चीज लाव."

माझ्या आतेबहिणीच्या हळदीला, मांडवात बसून आप्पांनी शेवटचं वाजवलं होतं. बरोबर त्यांचा तीस वर्षांपासूनचा जोडीदार सॅक्सोफोनवर आणि एक ढोलकीवाला, एवढेच. मी ते मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. पण मोबाइलच्या बारीक स्पीकरवर ते पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखं यायचं, म्हणून पुन्हा कुणी ऐकलंच नव्हतं. मी ते लावलं. आप्पा अर्धा मिनिट ऐकत राहिले.

"ढोलकी झ्याक हाय," ते म्हणाले. "पण मी कुठं गेलतो?"

दुसऱ्या हेडफोनमध्ये बाहेरचा आवाज बंद करायचं बटण होतं. दुकानदाराने ते दाबल्याबरोबर आप्पांनी दचकून हेडफोन काढला आणि रस्त्याकडे बघितलं. रिक्षा, गाड्या, सगळं नीट चालू आहे याची खात्री झाल्यावर म्हणाले, "न्हाय बाबा. जित्या माणसाचं काम न्हाय हे." तिसरा चष्म्याच्या दांडीवर दाबत होता. चौथ्यात क्लॅरोनेट होतं, पण ते त्यांच्या मते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. माझी महिनाभराची यादी काउंटरवर अशी एकेक करून आडवी झाली.

दुकानदार आता हट्टाला पेटला. स्टुलावर चढून त्याने वरच्या फळीवरून एक धुळकटलेला खोका काढला. आत काळा, साधा, वायरवाला हेडफोन होता. "मामा, हे कोण घेत न्हाय. सगळ्यांना बिनवायरचं पायजे. पण ह्यात बॅटरीचा खर्च न्हाय, म्हणून सगळा पैसा आवाजात गेलाय. ताई, मोबाइलला पिनची जागा हाय न्हवं?"

माझ्या जुन्या मोबाइलला होती.

आप्पांनी तो कानांवर चढवला. हळूहळू त्यांच्या दोन्ही हातांची बोटं गुडघ्यांवर हलायला लागली, भोकं दाबल्यासारखी, उघडल्यासारखी. मग ते मोठ्यांदा बोलले. कान झाकलेले असल्यामुळे आपण किती मोठ्यांदा बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं. "माझा श्वास ऐकू येतोय ह्यात! तोंडातली पत्ती जरा जास्तच ओली हाय, तेबी कळतंय!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. आप्पांना पत्ता नव्हता. आणि मग एकाएकी त्यांनी हात वर केला. "थांब. मागं घे जरा."

मी मागं घेतलं. त्यांनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकला. मग हेडफोन गळ्यात ओढला आणि हसायलाच लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"मी चुकलोय की गं," ते म्हणाले. "त्यो न्हाय. मी."

त्या दिवशी मांडवात दोघांचा सूर एका जागी फुटला होता. चूक सॅक्सोफोनची, असं आप्पा तिथंच चारचौघांत बोलले होते, आणि तेव्हापासून जोडीदाराशी त्यांचं बोलणं नुसतं 'बरं हाय का' एवढ्यावर आलं होतं. आयुष्यभर ताशांच्या गोंगाटात वाजवलेल्या माणसाने आपलं स्वतःचं वाजवणं असं सुटं कधी ऐकलंच नव्हतं.

मी तोच हेडफोन घेतला. बजेटच्या आत बसला. घरी येऊन लहानपणापासून पाठ असलेलं एक गाणं लावलं, तर त्यात मागे कुणीतरी हळूच मंजिरी वाजवत होतं. इतकी वर्षं तो माणूस तिथं वाजवतोय आणि मला माहीतच नव्हतं. मी आईला हाक मारून ते ऐकवलं, शेजारणीलाही ऐकवलं.

पुढच्या रविवारी आप्पा म्हणाले, "हातकणंगल्याला जायचं. यंत्र घे." त्यांचा जोडीदार तिथं राहतो. त्या काकांनी दारात आम्हाला बघून नुसतं "या" म्हटलं. आप्पांनी बसायच्या आधीच हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला. काका शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"मी चुकलो व्हतो," आप्पा म्हणाले.

"मला तवाच ठावं होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुझं शेवटचं वाजवणं होतं ते. कशाला बोलू?"

काकूंनी चहा आणला, तो दोघांनी निम्मा प्यायला आणि निम्मा गार केला. कारण हेडफोनचा एक कान आप्पांच्या, एक काकांच्या कानाला, अशी डोकी जोडून ते पुन्हा ऐकत बसले होते. वायर आखूड, म्हणून मोबाइल हातात धरून मी मधे उभी. मग काकांनी कॉटखालची पेटी ओढली आणि सॅक्सोफोन काढला. ती फुटलेली जागा त्यांनी वाजवली, आणि आप्पा क्लॅरोनेटचा सूर तोंडानं म्हणायला लागले. दात नसल्यामुळे थोडी शिट्टी जात होती. तिसऱ्या खेपेला दोघं बरोबर एका सुरावर उतरले. काकू दाराला टेकून हसत होत्या, आणि कुंपणापलीकडून कुणीतरी विचारत होतं की घरात लग्न कुणाचं ठरलंय.