सुयांच्या दवाखान्यातल्या जिभा

दवाखान्यात काम केलेल्या माणसाजवळ किस्से रद्दीसारखे साठतात. मुद्दाम जमवत नाही कुणी, पण टाकवतही नाहीत! बीडच्या बसस्टँडमागे आमच्या डॉक्टरबाईंचा चिनी सुयांचा दवाखाना होता. तिथं आता कॉम्प्युटर क्लास झालाय. तरी त्या जिन्यापाशी गेलं की मला अजून तोच कडवट धुराचा वास येतो.

बी.ए. झाल्या झाल्या मी तिथं रिसेप्शनिस्ट म्हणून लागले. स्वभाव असा की बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला तरी दचकायचं! पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी एका आजीच्या पायात सुई टोचली आणि किंकाळी फुटली. माझी! आजी म्हणाली, "बाई, आदी हिलाच झोपवा."

* * *

रुक्मिण शिरूर कासारहून सासूबरोबर यायची. पंचविशीतली, मूलबाळ नाही. पाळी आली की पोट धरून लोळायची. औरंगाबादला दुर्बिणीतून तपासून निदान झालेलं: एंडोमेट्रिऑसिस. म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीबाहेरही वाढतं, आणि पाळीत तिथंही सूज येते. पण ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमानं, पाळीत कामाचे खाडे नकोत म्हणून, सासूला सांगून ठेवलेलं, "पिशवीच काढून टाका. दसरा झाला की निघायचंय." सासूलाही ते पटलेलं. रुक्मिणीला मात्र लेकरू हवं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "औरंगाबादचं औषध सोडायचं नाही. सुयांनी दुखणं हलकं होतंय का, ते बघू. जीभ दाखव."

चिनी वैद्य जिभेवरून आतलं ओळखतात, हे शिरूरला कोण सांगणार? रुक्मिणीनं घाबरत पदराआडून जीभ काढली. सासू कडाडली, "अगं ए! सासूसमोर जीभ काढून वेडावती? आईनं हेच शिकवलं का?" मी दचकून पेनस्टँड पाडला. शेवटी सासूला भिंतीकडं तोंड करून बसवलं, तेव्हा कुठं जीभ बाहेर आली!

* * *

पुढच्या खेपेला जीभ पार जांभळी! डॉक्टरबाई गंभीर झाल्या. "चिनी शास्त्रात याला रक्त साकळणं म्हणतात. पण इतकं?"

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, "रगत कशाचं साकळतंय? येष्टीत पसाभर जांभळं खाल्लीत तिनं!"

डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "मावशी, तुमचीही जीभ बघू?"

"मी न्हाई काढायची. मी काय ल्हान हाय?"

* * *

धुराचं तर विचारूच नका. दवण्याच्या जातीचा एक चिनी पाला असतो, त्याची कांडी पेटवून डॉक्टरबाई बेंबीखाली शेक द्यायच्या. पहिल्यांदा धूर झाला तेव्हा शेजारचे एसटीडी बूथवाले काका बादली घेऊन धावले. मी दचकून दार उघडलं. त्यांनी दचकून बादली माझ्यावरच ओतली!

सासू म्हणाली, "दृष्टच काढायची व्हती तर मला सांगायचं. मिरच्या घरच्या हायेत!"

* * *

स्टँडवर तेव्हा नवे नवे कोला आले होते. पण चिनी हिशेबानं पोटात गारठा नको, म्हणून रुक्मिणीला गार बंद. सासू दर खेपेला तिच्यासमोरच बाटली प्यायची आणि वर म्हणायची, "लई कडू लागतंय गं, तू नगंच पिऊ!"

श्रावणात रुक्मिण पाळी चालू असताना एकटी, चालत जिना चढून आली. औरंगाबादच्या औषधानं की सुयांनी, ते डॉक्टरबाईंनाही सांगता येईना. सासूला हे कळलं, तेव्हापासून तिच्या तोंडी पिशवीचं नाव नाही.

* * *

दसऱ्याच्या तोंडावर मुकादम जीप घेऊन थेट दवाखान्यात आला. रुक्मिण टेबलावर, दोन्ही पायांत सुया, हलायची सोय नाही.

"मावशे, कावून टाइम घालवती? जीप हाय खाली. आत्ता नेतो आन् पिशवी काढून आणतो."

रुक्मिणीनं डोळे गच्च मिटले. डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्या, पण सासू त्यांच्याआधी उठली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, मुकादमासमोर जाऊन उभी राहिली आणि हातभर जीभ बाहेर काढली!

मुकादम जिन्यापर्यंत मागं सरकला.

सासू सावकाश वळली आणि तशीच डॉक्टरबाईंपुढं येऊन उभी राहिली. त्यांनी वाकून नीट बघेपर्यंत थांबली. मग जीभ आत घेऊन म्हणाली,

"सांगा आता. कशी हाय?"