मागे बसणाऱ्याची कंबर

लोकांसमोर मी त्यांना ‘हे’ म्हणते. इथे मात्र नवराच म्हणणार. ‘हे’ म्हटलं की निम्मा राग निघून जातो, आणि तो मला घालवायचा नाही.

अड्याळहून भंडाऱ्याला आम्ही दोघं रोज एकाच मोटारसायकलवर जायचो. नवरा सरकारी कचेरीत कारकून, मी एका खाजगी दवाखान्यात नर्स. तो पुढे, मी मागे, साडीत, दोन्ही पाय डावीकडे सोडून, मांडीवर दोघांचे डबे. दवाखान्यात पोचलं की साडी काढून युनिफॉर्म चढवायचा आणि संध्याकाळी निघताना पुन्हा साडी. गावच्या चौकातून सून साडीतच गेली पाहिजे, हा सासूचा कायदा. मी म्हणायचे, दिवसातून दोनदा साडी नेसणारी बाई एक तर नाटकात असते, नाही तर अड्याळात.

पण नोकरी मला प्यारी होती. पगारासाठी नाही म्हणत. पगार काय, आला तसा घरात जिरायचा. तान्ह्या लेकराच्या हाताला सलाईनची नस सापडेनाशी झाली, दोघीतिघींनी टोचून लेकरू रडून रडून निळं पडलं, की डॉक्टर मलाच हाक मारायचे. मी ती मूठ हातात घ्यायची, चोळायची, आणि एका टोचण्यात नस धरायची. लेकराची आई माझ्याकडे बघायची तेव्हा वाटायचं, चला, आपणही कोणीतरी आहोत. घरी मला असं कोणी कधी पाहिलं नाही. म्हणून काहीही झालं तरी ती नोकरी मला सोडायची नव्हती.

आता एका बाजूला बसणं म्हणजे काय, हे बसल्याशिवाय कळत नाही. पाय एकीकडे, तोंड दुसरीकडे आणि मधली कंबर धुऊन पिळलेल्या लुगड्यासारखी. त्यात तो रस्ता. जिथं तिथं उकरून ठेवलेला, आणि प्रत्येक गावानं आपापल्या मर्जीनं घातलेले ब्रेकर. चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. तो अंग सावरतो, पायावर जोर घेतो, पार्श्वभाग जरा उचलतो. मागच्याला खड्डा दिसत नाही. त्याला तो डायरेक्ट कंबरेत कळतो.

मी एकदा म्हटलं, ‘अजी, खड्डा आला की नुसतं सांगत जा ना.’

तर म्हणे, ‘सांगत जाऊ? का बँडच लावू समोर?’

आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. माझं दुखणं सुरू झालं तेव्हा रीतसर सांगितलं होतं मी. भांडी घासताना वाकलेली मी सरळ होईना, तेव्हा त्याच्यासमोरच भिंतीला धरून उभी राहिले. त्यानं काय म्हणावं? ‘मागं बसून का कंबर दुखते कोणाची? गाडी तं मी चालवतो.’ सासूनं मान हलवली. विषय संपला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते उगाच नाही. मी दवाखान्यातल्या गोळ्या खायला लागले आणि तोंडाला कुलूप लावलं.

मग एका हिवाळ्यात त्याची कंबर दुखली.

अरे बापरे! घरात जणू कोणी खाटेला खिळलं. सासूनं मोहाच्या बियांचं तेल गरम केलं. गादी काढून फळी टाकली. पाटावर बसून जेवणं बंद, टेबल आलं. कंबरेचा पट्टा आला. नागपूरला नेऊन मोठ्या डॉक्टरला दाखवून झालं. चोळायचं कोणी? मीच. रोज रात्रीचं जेवण झालं की तो पालथा पडायचा आणि मी गुडघ्यावर बसून त्याची कंबर चोळायची. माझी कंबर चोळायला माझेच हात मागे पोचत नव्हते, आणि दुसऱ्या कोणाचे हात येतील अशी त्या घरात सोय नव्हती.

नागपूरच्या डॉक्टरनं त्याला सांगितलं की गाडीची सीट नीट करून घ्या, पाठीला आधार हवा. झालं. एका रविवारी आम्ही भंडाऱ्यात सीट बनवणाऱ्याच्या दुकानात गेलो. मी कशाला? तर हेल्मेट आणि पिशवी धरायला. दुकानदारानं त्याला गाडीवर बसवलं, हँडल धरायला लावलं, पाठीमागून पाहिलं, गुडघे कुठं येतात ते पाहिलं. इतक्या मायेनं तर कोणी नवरदेवाचं मापही घेत नसेल. मग सीट उचकटली, रेक्झिन सोलून काढलं आणि लांब पात्यानं फोम कापायला लागला. पुढे बसायची जागा खोलगट केली, त्यात नरम जाड गादी बसवली. आणि पाठीला टेकण म्हणून मध्ये एक उंचवटा उभा केला.

तेव्हा त्यानं विचारलं, ‘मागं कोणी बसते का साहेब? उंचवट्यानं मागची जागा कमी होईल. उतार बी येईल थोडा.’

नवरा म्हणाला, ‘घरची बसते. तिचं काही नाही.’

मी तिथंच उभी होते. हातभर अंतरावर. हातात त्याचं हेल्मेट. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो पुन्हा फोम कापायला लागला. ते हेल्मेट तेव्हाच आपटायला हवं होतं मी. पण परक्या दुकानात तमाशा नको म्हणून गप्प बसले. बायका अशा किती दुकानांत गप्प बसतात, देव जाणे.

नवी सीट त्याला फार मानवली. ‘सोफ्यावर बसल्यासारखं वाटते,’ असं तो कचेरीत सांगायचा, शेजाऱ्यांना बसवून दाखवायचा. मागे काय होतं? वीतभर जागा, तीही मागच्या बाजूला उतरती. फोम तिथला काढलेला, म्हणून खाली कडक पत्रा. मी एका बाजूला बसले की ब्रेकरवर घसरायची, म्हणून मागची दांडी धरून ठेवायची, आणि दांडी धरली की कंबर आणखी पिळायची. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही, कारण खांद्याला झटका बसला की त्याच्या पाठीत कळ येते. म्हणजे आता त्याची कंबरही मलाच सांभाळायची.

आमच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा हाडांचे डॉक्टर येतात. एके दिवशी मला औषधांचा ट्रे घेऊन चालताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ‘सिस्टर, हे काय चालणं आहे?’ त्यांनी कंबरेचा फोटो काढायला लावला, तपासलं, आणि चक्क रागावले. एका बाजूला बसणं आजपासून बंद. बसायचंच तर दोन्हीकडे पाय टाकून, आणि सीट सपाट, नरम पाहिजे. नाही तर पुढं पायात मुंग्या येतील, मग उभं राहायचं काम होणार नाही. आणि नर्सचं काम म्हणजे उभं राहायचंच काम.

घरी येऊन मी दोन्ही गोष्टी मांडल्या. साडीवरून सासूनं आकाशपाताळ एक केलं. ‘पोरं शिकून बाहेर गेली अन् ही आता पायजमा घालून नवऱ्याच्या मागं पाय टाकून बसते! चौकातले लोक का म्हणतील?’ मी म्हटलं, ‘चौकातले लोक माझी कंबर चोळायला येतात का?’ आणि दुसऱ्या दिवशी ड्रेस घालूनच निघाले. चौकानं काही म्हटलं नाही. चौकाला काही पडलेली नव्हती.

सीटवर मात्र मी हरले. मी म्हटलं, ‘मागचा भाग तेवढा भरून घ्या. उंचवटा जरा कमी करा.’

‘एवढ्या मुश्किलनं माही सीट जमली आहे,’ नवरा म्हणाला. ‘आता पुन्हा फाडली तं पहिल्यासारखी होईल का? मले पुन्हा दुखलं तं?’

‘अन् मले आता दुखून राहिलं ते?’

‘तुझ्यासाठी करतो ना काहीतरी.’

केलं. कचेरीतल्या खुर्चीची जुनी गादी घेऊन आला आणि मागच्या सीटवर सुतळीनं बांधून दिली. वर म्हणाला, ‘घे, तुलेही सोफा.’ आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! ती गादी उतारावर किती टिकणार? एका ब्रेकरवर गाडी उडाली, गादी मागे सरकली, आणि मी त्या दांडीवर आदळले. डोळ्यांसमोर अंधारी आली. तो थांबला, गादी उचलून आणली, झटकली आणि म्हणाला, ‘नीट धरून बसत जा ना!’ त्या दिवशी मी ड्युटीवर खुर्चीच्या पाठीला धरून औषधं वाटली.

मग मी बसनं जायला लागले. पवनीकडून येणारी सकाळची बस अड्याळला पोचेपर्यंत कॉलेजच्या पोरापोरींनी गच्च भरलेली. उभं राहून जावं लागायचं. पण खरं सांगते, उभं राहून जाणं त्या सीटपेक्षा बरं होतं. बसमध्ये दोन्ही हातांनी दांडा धरता यायचा, आणि मुख्य म्हणजे समोरचा रस्ता दिसायचा.

दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, बस कधी वेळेवर, कधी नाही. आणि मी पोचेपर्यंत रात्रपाळीच्या नर्सला निघता येत नाही. त्या बिचारीची चूक नव्हती, तिलाही घरी लेकरू होतं. मेट्रनबाई दोनदा समजावून बोलल्या. आणि दुसरी, नवऱ्याची इज्जत. पानठेल्यावर कोणी तरी त्याला विचारलं होतं की बायको बसनं अन् तू गाडीवर एकटा, भांडण झालं का? घरी येऊन तो माझ्यावरच तडकला. ‘एक तं संग ये, नाही तं घरी बस. मधलं मले जमत नाही.’

इतक्या वर्षांच्या सोबतीच्या माणसानं एवढं सोपं करून टाकलं. मी सुट्टी घेतली. मेट्रनबाई म्हणाल्या, बरं वाटलं की या, जागा धरून ठेवते, पण फार दिवस धरता येणार नाही. मी आडवी पडले. फळीवर नाही; फळी त्याची होती. खाली सतरंजी टाकून. जरा बरं वाटायला लागलं आणि मी मनाशी ठरवलं, भंडाऱ्यात दवाखान्याजवळ एखादी खोली पाहायची, कामाचे दिवस तिथं राहायचं. घरात वादळ येईल ते येऊ दे. नस धरणारे हात अजून शाबूत होते.

ज्या दिवशी हे बोलायचं ठरवलं त्याच दिवशी दुपारी मेट्रनबाईंचा फोन आला. त्यांना वाईट वाटत होतं, आवाजावरून कळलं. व्यवस्थापनानं नवी मुलगी घेतली होती. कारध्याची आहे, नदी ओलांडली की दवाखाना, स्कूटीनं वेळेवर येते. ‘तुमच्यासारखा हात नाही तिचा,’ त्या म्हणाल्या. तेवढं बोलायची काय गरज होती! फोन ठेवून मी रडले. मोठ्यानं रडले. सासूनं माजघरातून विचारलं, ‘का झालं वं?’ मी उठून तोंडावर पाणी मारलं.

संध्याकाळी नवरा घरी आला तो खुशीत. जेवायला बसला आणि सासूला म्हणाला, ‘माय, आज सांगतो, कंबर एकदम मोकळी आहे. ते सीटचं काही नव्हतं. मागचं वजन गेलं, गाडी हलकी झाली, अन् दुखणं बंद!’

‘मी तं पहिलेपासून म्हणत होती,’ सासू म्हणाली. ती कधीही म्हणाली नव्हती.

मी त्याच्या ताटात भात वाढत होते. म्हटलं, ‘दवाखान्यातून फोन होता. माझ्या जागी दुसरी घेतली.’

तो घास चावत राहिला. ‘बरं झालं. कायले जाते आता तिकडं मरायले? आराम कर. तुही बी कंबर ठीक होऊन जाईल.’

तुही कंबर. इतकी वर्षं मी त्याच्या मागं बसले, पण माझ्या अंगात कंबर आहे हे त्यानं पहिल्यांदा कबूल केलं ते नोकरी गेल्यावर. आणि टोमणा असता तर मी तोंडावर उत्तर फेकलं असतं. तो प्रेमानं बोलला होता. खरंच प्रेमानं. त्याचाच संताप आला मला.

त्यानं वाटी पुढं केली. ‘वरण दे.’

पातेलं त्याच्यापासून चार पावलांवर होतं.

मी खाली बसले, माझं ताट ओढलं आणि म्हटलं, ‘उठून घ्या. तुमची कंबर मोकळी आहे ना आता.’