आतलं औषध

सुकदेव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कुंडीतल्या गुलाबाला पाणी घालत होतो. कलम त्यानंच दिलेलं. दहाव्याला गोदाकाठी जो तो सांगत होता, "दोन वर्षांमागं एवढं पोट फाडलं, पण गड्यानं हूं का चूं केलं नाही." मीही मान डोलावली... ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहितो आहे.

मखमलाबादला त्याची गुलाबाची शेती. दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली, त्यामुळे माझा शब्द त्याला प्रमाण. आतड्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा दुखणं थांबवणाऱ्या इंजेक्शनांची सवय लागेल, अशी धास्ती त्यानं घेतली होती. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला मी. म्हटलं, "शरीर स्वतःच वेदनाशामक तयार करतं, अफूसारखं. बाहेरून घेतलं की ते आळसावतं. जमेल तेवढं सोस."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं, "काका, शून्य ते दहा, किती दुखतंय?" त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "दोन." ती पुढच्या खाटेकडे गेली. चादर त्याच्या मुठीत आवळलेली होती. हळूच म्हणाला, "सर, ते आतलं औषध कवा चालू व्हायचं?"

"होईल, धीर धर," म्हणालो आणि चहाला खाली उतरलो.

टाके दुखतात म्हणून तो खोकलाच नाही, खोल श्वासही घेतला नाही. चौथ्या दिवशी न्यूमोनिया. डॉक्टर त्याच्यावर रागावले. म्हणाले, "शरीराचं औषध असतं, पण एवढ्या जखमेला ते पुरत नाही. तुम्हाला खोकता यावं म्हणून तर आम्ही दुखणं कमी करतो." सुकदेवनं माझं नाव घेतलं नाही. "काट्यात हात घालायची सवय हाय, सायेब," एवढंच बोलला.

तो वाचला, पण धाप कायमची मागं लागली. गेल्या महिन्यात झोपेतच हृदय थांबलं.

गेल्या आठवड्यात सिंधूवहिनींना, त्याच्या बायकोला, हे सगळं सांगितलं. टीव्हीशेजारी त्याचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र अजून आहे, तीन रंगीत चेंडूंचं. सकाळी फुलं तोडून आला की नळी तोंडात धरून तो चेंडू वर ओढत बसायचा. वहिनी ते पदरानं पुसत होत्या.

"म्हंजे दुखत व्हतं त्यांना," त्या म्हणाल्या. "मला तर म्हणले, काय नाय."

"हो."

"किती?"

ते मी त्याला तेव्हा विचारलंच नव्हतं. वहिनींनी यंत्र जागेवर ठेवलं. तिन्ही चेंडू तळाशी होते.