रेगे सरांचा जयपुरी समुद्र

परमुलखात चार मराठी माणसं जमली की आधी "तुम्ही मूळचे कुठले?" होतं, मग "तांदळाचं पीठ चांगलं कुठं मिळतं?" होतं, आणि चहा येईपर्यंत किस्से सुरू झालेले असतात. आमच्या जयपूरच्या मंडळींत हे किस्से इतके साठलेत की खरा कुठला आणि फुगवलेला कुठला, हे सांगणाऱ्यालाही आता सांगता यायचं नाही. मी मात्र बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलंच सांगते. कुठं मीठ जास्त पडलं तर चालवून घ्या, विषयच तसा आहे!

पन्नासच्या दशकात मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. मी साताऱ्याची, म्हणजे समुद्राशी संबंध मिठापुरता. आमचे हेड रेगे सर मात्र मालवणचे. वाळवंटाच्या तोंडाशी नोकरी लागली म्हणून या गृहस्थांनी काय करावं? कॉलेजात समुद्र आणला! चक्क खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी, तळाशी वाळू, आणि आत जिवंत समुद्री मासे. "पोरांनी मासा बाटलीत मेलेलाच बघायचा, हे काय शिक्षण झालं?" असं ते सगळ्यांना सांगायचे. खरं कारण एवढंच, की त्यांना तिथं करमत नव्हतं.

* * *

पाणी यायचं मुंबईहून, रेल्वेनं. काचेचे हे एवढाले बुधले, लाकडी खोक्यांत, भोवती पेंढा. सवाई माधोपूरला गाडी बदलताना सर स्वतः हमालांबरोबर उभे राहायचे. नव्या नवरीचं सामानसुद्धा कुणी इतकं जपत नसेल.

पहिल्या खेपेला जयपूर स्टेशनवर पार्सलबाबूनं अडवलं.

"इसमें क्या है?"

"पानी."

"पानी? बंबई से?"

बाबूला वाटलं, हा प्रोफेसर दारू आणतोय. त्यानं बूच काढायला लावलं. वास घेतला, पटलं नाही. बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि त्याचं तोंड असं वाकडं झालं की विचारू नका!

मग त्यानं सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "साहब, बुरा मत मानिए. माल रास्ते में खराब हो गया है. एकदम खारा है. आप क्लेम कर दीजिए!"

* * *

आमच्या विभागात माथुरजी होते. जयपूरचेच, पिढीजात. समुद्र कधी पाहिलेला नाही, पण टाकीवर जीव. सर मे महिन्यात मालवणला निघाले तेव्हा टाकी माथुरजींच्या हवाली केली. "पानी कम हो जाए तो भर दीजिए," एवढंच सांगितलं. सरांचा हा स्वभावच होता. जे स्वतःला ठाऊक ते जगाला ठाऊक असणारच!

आता जयपूरचा मे. पाणी रोज बोट बोट खाली जाणार. माथुरजींनी विचार केला: समुद्र कमी झाला, त्यात नळाचं पाणी ओतलं तर समुद्र पातळ होईल. सांभर तलाव काही लांब नाही. त्यांनी चांगलं सांभरचं मीठ आणवलं, आणि दर वेळी पाण्याबरोबर श्रद्धेनं चार मुठी टाकत राहिले.

अहो, उडून जातं ते पाणी! मीठ जागच्या जागीच राहतं. वरून नुसतं गोडं पाणी घालायचं असतं. पण हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सर परत आले तर काचेच्या कडेवर पांढरी खपली आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. सरांनी पाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवला.

"माथुरजी," ते म्हणाले, "मछलियाँ रखी हैं, अचार नहीं डाला है!"

पुढचे कित्येक दिवस खारं पाणी काढायचं आणि बारीक नळीनं गोडं पाणी थेंब थेंब सोडायचं, हाच उद्योग चालला. एकदम बदल केला तर मासा तोच धसका घेऊन मरतो. तरी दोन लहान मासे गेलेच. माथुरजींनी त्या दिवशी उपास केला.

एकट्या हेकरूला काही झालं नाही. हा हेकरू म्हणजे खडकाच्या कपारीत राहणारा तपकिरी ठिपक्याठिपक्यांचा मासा. तोंड रुंद, चेहरा कायम रागावलेला. टाकीच्या कोपऱ्यात एका फुटक्या माठात त्याचं बिऱ्हाड होतं. सरांच्या हातून खायचा, दुसरं कुणी आलं की माठात. सगळ्यांत जुना तोच.

* * *

जयपूरचे लोक टाकी बघायला आले की हात जोडायचे. आपले लोक आले की वेगळीच गंमत! विमा कंपनीतले सामंत बदलून आले होते. त्यांच्या मिसेस वेंगुर्ल्याच्या. गणपतीत सगळ्या बायकांना घेऊन मी टाकी दाखवायला गेले. हेकरूनं माठातून डोकं काढलं मात्र, सामंतवहिनी ओरडल्या, "अगो बाई, हेकरू! त्रिफळं घालून ह्याचं तिकलं काय सुरेख होतं!"

रेगे सर लाल झाले. "वहिनी, तो स्टाफमध्ये आहे!"

आम्ही पोट धरधरून हसलो. पण वहिनींनी पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं, आणि डोळे भरून आले त्यांचे. "किती वर्षांत हा वास आला नव्हता हो," म्हणाल्या. सरांनी त्यांना खुर्ची आणून दिली. त्या दोघांना काय वाटत होतं ते मला साताऱ्याच्या बाईला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं.

त्यानंतर वहिनी अधूनमधून येऊन बसायच्या. तिकल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त बाहेर पडल्यावर माझ्या कानात म्हणायच्या, "चांगला दोन शेर भरेल हो!"

* * *

पुढं आत एकटा हेकरूच उरला होता, तेव्हा लोखंडी चौकट गंजली आणि टाकी गळायला लागली. गळून गळून गळावी कुठं? बरोब्बर खालच्या मजल्यावर, प्रिन्सिपलसाहेबांच्या टेबलावर!

प्रिन्सिपलसाहेब कडक माणूस. पांढरी शुभ्र अचकन, कांदालसूणसुद्धा वर्ज्य. माशाच्या वासानं ते आमच्या बाजूच्या जिन्यानं कधी यायचे नाहीत. त्यांनी सरांना बोलावलं, मी बरोबर होते.

"रेगेसाहब, पुरानी टंकी हटाइए. नई बिल्डिंग में आपकी छोटी टंकी है, मछली उसमें रखिए. अगले सोमवार मैं खुद देखूँगा. मछली ठीक रही तो ठीक, नहीं तो यह सब बंद. आप तो रिटायर हो रहे हैं. पीछे कौन करेगा?"

"जोशीबाई करतील," सर मराठीत म्हणाले, आणि मग हिंदीत. मला कुणी विचारलंच नाही!

पण बाहेर आल्यावर सरांचा चेहरा बघून माझं भांडण घशातच राहिलं. "मी गेलो तरी चालेल," ते म्हणाले, "हे राहिलं पाहिजे हो." एवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

नव्या इमारतीत सरांनी आधीच मांडलेली धाकटी टाकी चांगली रुळलेली होती, पण तिची वाळू तळाशी काळी पडून वास मारत होती. ती बदलायची, तीही थोडी थोडी. ढवळायची नाही, पाणी गढूळ करायचं नाही. आणि तिच्या जागी घालायची ती थोरल्या टाकीतली जुनी वाळू, न धुता. "त्या वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. माशांची घाण तेच पचवतात. वाळू मेली की मासा मेला," हे सरांनी आम्हांला दहादा बजावलं.

आम्हांला बजावलं. भंवरलालला कोण सांगणार? भंवरलाल आमचा लॅबचा शिपाई. साहेब स्वतः येणार म्हटल्यावर त्यानं उत्साहानं थोरल्या टाकीतली वाळू उपसली, नळाखाली सात पाण्यांनी धुतली आणि गच्चीवर पापडासारखी वाळत घातली. पांढरी स्वच्छ, साखरेसारखी!

सर गच्चीच्या पायरीवर मटकन बसले. रागवले नाहीत. "भंवरलाल, तुमने बहुत मेहनत की," म्हणाले आणि प्यायला पाणी मागितलं. माथुरजींना मात्र राहवेना. "अरे, यह साहब की इतने बरसों की मेहनत थी!"

"इतने बरसों से किसीने धोई नहीं थी, हुकम," भंवरलाल म्हणाला, "इसीलिए तो धोई!"

वाचलं काय, तर माठाखालची बादलीभर वाळू. तिथं हात घातल्यावर हेकरूनं भंवरलालच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता. आपली वाळू त्यानं आपणच राखली म्हणायची!

* * *

हेकरूला हलवायचा दिवस. जाळ्यात धरायचा नाही, अंगाला जखम होते. माठ आत मासा असतानाच उचलायचा आणि टाकीच्याच पाण्यानं भरलेल्या लाकडी टबात ठेवायचा. इथं भंवरलाल चिंचेनं घासून लखलखीत केलेलं तांब्याचं घंगाळ घेऊन हजर! "हुकम, ताँबे का पानी पवित्र होता है." तांबं समुद्रातल्या जिवांना विष. सरांनी त्याला हात जोडले आणि घंगाळ परत पाठवलं.

टबावर ओला लाल कपडा टाकला, बांबूला टांगला, पुढं भंवरलाल, मागं माथुरजी. ऊन लागू नये म्हणून सर वर छत्री धरून चालतायत. मी मागून वाळूची बादली घेऊन. मैदानातून अशी आमची वरात निघाली. जयपूरच्या लोकांना देवाची-राजाची सवारी दिसली की पाय थबकतातच. रस्त्यावरची दोन म्हातारी माणसं फाटकात शिरली, पगड्या सावरून वाकली.

"सवारी किसकी है?" एकानं विचारलं.

माथुरजींना धाप लागली होती, पण उत्तर चोख दिलं: "समुद्र महाराज की!"

म्हाताऱ्यांनी टबावर फुलं टाकायच्या आत आम्ही पळालो. मग दुपारभर सर स्टुलावर बसून धाकट्या टाकीतलं पाणी वाटीवाटीनं टबात घालत होते, हेकरूला नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून. उन्हं कलल्यावर माठ आत ठेवला, बादलीतली वाळू त्याच्याभोवती पसरली, आणि सगळ्यांनी श्वास सोडला.

* * *

पण हेकरू बाहेर येईना.

माठाच्या तळाशी नुसता पडून राहिला. रामगढच्या तलावातली ताजी कोळंबी सर बोटांत धरून पाण्यात हात घालून बसायचे, बोटं सुरकुतायची, तो ढुंकून बघायचा नाही. सरांचा स्वतःचा डबाही न उघडता परत जायचा. माथुरजी हनुमानाला नारळ बोलले. शनिवार गेला, रविवार गेला. मी सरांना म्हटलं, "साहेबांना चार दिवस मागून घेऊ." सर म्हणाले, "नको. त्यांनी सोमवार सांगितला, मी कबूल केला."

सोमवारी प्रिन्सिपलसाहेब आले. नाकाला रुमाल. आमच्याकडं न बघता सरळ टाकीपाशी.

"खाती है?"

"नहीं," सर म्हणाले. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नसेल. 

साहेबांनी मान हलवली. बघून घ्यावं म्हणून काचेशी वाकले. आणि हेकरू माठातून बाहेर आला. सावकाश, शेपटी हलवत, थेट काचेपाशी, साहेबांच्या तोंडासमोर येऊन थांबला. रागीट चेहऱ्यासमोर रागीट चेहरा! दोघंही हलेनात. भंवरलालनं माझ्याकडं बघितलं, मी माथुरजींकडं. 

किती वेळ गेला कोण जाणे. साहेबांनी नाकावरचा रुमाल काढून खिशात ठेवला. अचकनीची बाही कोपरापर्यंत वर केली आणि मागं न बघताच सरांपुढं हात पसरला.

"दीजिए."

सरांनी त्यांच्या तळहातावर कोळंबी ठेवली. जन्मात ज्यांनी कांद्याला बोट लावलं नाही, त्यांनी ती दोन बोटांत धरली आणि हात पाण्यात घातला. हेकरूनं ती अलगद घेतली. मग दुसरी. मग तिसरी. सर खिडकीकडं तोंड करून चष्मा पुसत राहिले.

साहेब नळाशी गेले, साबण लावून हात धुतले, बाही खाली केली, बटण लावलं. दारापर्यंत जाऊन वळले.

"जोशीजी," ते मला म्हणाले, "कल यह कितने बजे खाएगी?"