इंटरची परीक्षा आणि भोरची मंडळी

आठवडाभर पुण्यात इंटरचा अभ्यास करायचा, शनिवारी सर्व्हिस मोटारीनं भोरला बायकोकडे यायचं आणि रविवारी तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत उपदेश करायचा, असं माझं चाललं होतं. परीक्षा जवळ आली की मंडळीची कामं नेमकी वाढायची. कुणाच्या नव्या घराची प्रार्थना निघायची, जवळच्या वरवे गावात दोन भाऊ बांधावरून भांडायचे, आणि सगळीकडे मीच लागायचो. मंडळीचे म्हातारे पंच हात जोडायचे, "मास्तर, तुमच्याबिगर कोन हाय आमाला?" माझं डोकं फिरायचं. हे सगळं ठरवून चाललंय, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा. "उपदेशकाला असला संशय शोभत नाही," ती म्हणाली.

नापास झालो. त्या रविवारी पंच प्रार्थनेला उभे राहिले. मला वाटलं, आता सांत्वन करतील. त्यांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात देवाचे आभार मानले, "प्रभू, आमचं मास्तर पास हून निघून जाईल, ह्याचा लई घोर हुता. तू आमचं ऐकलंस."

सगळी मंडळी "आमेन" म्हणाली. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बायकोचा होता.