मंगळवारचा फोन

माझ्या दुखण्याची चौकशी दर मंगळवारी फोनवर व्हायची आणि उत्तरं द्यायचा माझा नवरा. मी आपली आतल्या खोलीत, खिडकीच्या ग्रिलमधून समोरच्या बिल्डिंगमध्ये वाळत घातलेले गाऊन बघत पडलेली.

ऑपरेशन होऊनही कॅन्सरने माझ्या पाठीच्या हाडात मुक्काम ठोकला होता. बोळिंजहून मुंबईच्या हॉस्पिटलात गाडीने जायचं म्हणजे रस्त्यातला एकेक खड्डा कण्यात बसायचा. म्हणून तिथल्या सिस्टरने नवी सोय काढली. ती घरी फोन करणार, कसं आहे विचारणार, डॉक्टरांना सांगून गोळ्या कमी-जास्त करणार. केवढी मोठी सोय! मोबाइल अजून घरोघर आले नव्हते आणि आमचा फोन हॉलमध्ये.

"बरी आहे," हे सांगायचे. "जेवते, झोपते. काही त्रास नाही."

अहो, कोण जेवतं? कोण झोपतं? रात्रभर मी उशीचं टोक दातात धरून पडायची, ते यांना काय दिसत नव्हतं? पण गोळ्या वाढल्या म्हणजे शेवट जवळ आला, असं यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी चिडले की म्हणायचे, "तू कशाला बोलायचा त्रास घेतेस? मी आहे ना." त्या 'मी आहे ना'खाली माझा जीव गुदमरायचा.

एका मंगळवारी हे खाली टँकरवाल्याशी हुज्जत घालायला गेले आणि फोन वाजला. भिंत धरत, खुर्ची धरत मी पोचले. "हॅलो" म्हणेपर्यंत हे दारात हजर.

"कशा आहात?" सिस्टरने विचारलं.

किती दिवस याच प्रश्नाची वाट बघत होते! आणि माझ्या मेलीच्या तोंडून निघालं, "बरी आहे."

तिने माझा अडखळता आवाज हेरला. मग हळूच म्हणाली, "शेजारी कोणी उभं आहे का? मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. रात्री झोप लागते?"

"नाही."

"गोळीने दुखणं थांबतं?"

"नाही."

"सहन होतं?"

"नाही," मी म्हणाले, आणि या वेळी यांच्याकडे बघून म्हणाले.

यांना प्रश्न ऐकू येत नव्हते, पण कळायचं ते कळलं. यांनी फोनसाठी हात पुढे केला. संपलं, आता पुन्हा तेच सांगणार, असं वाटून मला रडू फुटलं.

"सिस्टर," हे म्हणाले, "ती बरी नाहीये हो."

आणि यांनी फोन परत माझ्या हातात दिला. गोळी कधी आणि किती घ्यायची, ते मग मीच विचारून घेतलं.