पुठ्ठ्याच्या नळ्यांतले सात सूर

आमच्या शाळेची पेटी कपाटात असायची आणि कपाटाला कुलूप. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी सोडले, तर तिला उजेड दिसायचा नाही. भाता फाटलेला, आणि मधल्या काही पट्ट्या एकदा दाबल्या की रुसलेल्या सुनेसारख्या वर यायच्याच नाहीत. एवढ्या सामानावर मी सहावी ते आठवीच्या वर्गांना संगीत शिकवते, असं सांगितलं की नातेवाईक हसायचे. मी हसू द्यायची.

शाळा मराठी माध्यमाची, सुरतेच्या बमरोली भागात. मुलं बहुतेक खानदेशातली, थोडी मराठवाड्यातली, विदर्भातली. कुणाचे वडील खात्यात, कुणाची आई साड्यांना टिकल्या लावणारी. खातं म्हणजे लूमचा कारखाना. आमच्या वर्गाच्या भिंतीला लागूनच एक होतं, आणि सकाळपासून त्याची खटखट चालू असायची. नव्या शिक्षकांचं दोन दिवसांत डोकं उठायचं. माझं उठलं नाही, कारण मी त्याच आवाजात वाढले. माझे वडील आयुष्यभर खात्यात होते.

आमचे मुख्याध्यापक तसे भले गृहस्थ, फक्त गणिताचे. दोन वर्षांपूर्वी जूनमध्येच त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "बाई, दिवाळीनंतर संगीताचा तास गणिताच्या सरावाला देऊ या. मुलं कच्ची आहेत." मी म्हटलं, "सर, गाण्यातही कच्चीच आहेत, मग तोही सराव नको का?" त्यावर त्यांनी एक वाट ठेवली. दिवाळीआधी विभागाची गायन-वादनाची स्पर्धा होती. तिथे पोरांनी काही करून दाखवलं तर तास राहील, नाहीतर गेला.

तास गेला तर मी समाजशास्त्र शिकवून पगार घेतलाच असता. पण आमच्या मुलांच्या आयुष्यात गाणं शिकायची तेवढी एकच जागा होती. ती माझ्या डोळ्यांदेखत जाणार, हे मला सहन होणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझं डोकंही फिरलं होतं.

माझा दीर सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात एका कापडाच्या दुकानात आहे. तिथे ताग्यांच्या आतल्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या ढिगाने पडलेल्या असतात. एकदा त्याच्या दुकानात बसले असताना मी सहज एका नळीच्या तोंडावर तळहात आपटला, आणि चक्क सूर निघाला! दुसरी तोकडी नळी उचलली, तर तिचा सूर वर. मी उठून उभीच राहिले. दीर म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक बघतंय."

दुसऱ्या दिवशी त्याने स्कूटरला आडव्या बांधून नळ्यांचा भारा घरी आणला. पुढचा महिनाभर आमच्या गॅलरीत आरी चालली. नळी थोडी थोडी कापायची, फोनवरच्या तंबोऱ्याशी सूर ताडून बघायचा, पुन्हा कापायची. जास्त कापली की सूर चढला म्हणून समजा, मग ती नळी वरच्या सुरासाठी. पुठ्ठ्याचा भुसा वरणात सापडायला लागला, तेव्हा नवऱ्याने हात टेकले. पण सा ते वरचा सा, सगळे सूर जमले, आणि तेही प्रत्येकाचे चार-चार जोड.

हाताने आपटून मुलांचे तळवे लाल व्हायचे, म्हणून मी रबरी चपला आणल्या. चपलेने नळीच्या तोंडावर मारलं की गोल, भरदार आवाज येतो. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं मात्र, आणि कपाळाला हात लावला. "बाई, सरस्वतीला चपला?" मी म्हटलं, "सर, कोऱ्या आहेत. पायात कधी जाणारच नाहीत." तरी त्यांची समजूत पटेना, तेव्हा मी पट्टे काढून टाकले, चपलांचे नुसते तळ ठेवले आणि त्यांना हळदकुंकू लावलं. मग ते वाद्य झालं.

शिकवायचं कसं, हा प्रश्न आमच्या मुलांनीच सोडवला. खात्यात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. माझे वडील घरीसुद्धा पाणी हाताच्या खुणेने मागायचे. वर्गात भिंतीपलीकडून खटखट चालू असताना मी "गंधार, गंधार" म्हणून घसा फोडत होते, तेव्हा एका पोराने चिमूट धरून दाखवली. धागा तुटला की कारागीर अशीच खूण करतात. मग ती चिमूट आमचा 'ग' झाली. मनगट फिरवणं 'प' झालं. एकेका सुराला एकेक खूण मिळाली. मुलांना त्या पाठ कराव्या लागल्याच नाहीत, त्या त्यांच्या घरच्याच होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गातात त्यातल्या एका चालीवर मुलांनीच नवे शब्द बसवले. आठवीतली एक मुलगी पुढे उभी राहून सगळ्यांना खुणा द्यायची. लांब वेणीची, भयंकर हट्टी. मला फार आवडायची.

स्पर्धा कामरेजच्या एका मोठ्या शाळेत होती. एसी हॉल, लाकडी स्टेज, मखमली पडदे. बाकीच्या शाळांकडे कीबोर्ड, गिटार, चकचकीत तबले. आमच्या नळ्या पाहून कुणीतरी गुजरातीत विचारलं, "पडदा लावायला आलात का?" माझी मुलं हसली, मी नाही हसले. नियम असा, की शिक्षकाने खालून खूण केली किंवा कुणी परीक्षकांकडे पाठ केली तर गुण कापणार. म्हणून मी दोन्ही हात मांडीखाली दाबून मुख्याध्यापकांशेजारी बसले.

मुलं स्टेजवर उभी राहिली. त्या मुलीने बाजूला तिरकं उभं राहून 'सा'ची खूण दिली.

कुणीच सुरुवात केली नाही.

तिने पुन्हा खूण दिली. मुलं नळ्या उचलून, चपला उगारून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी. परीक्षक चष्म्यावरून पाहायला लागले. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक पोरगं हलक्या आवाजात बोललं, पण त्या शांत हॉलमध्ये ते सगळ्यांना ऐकू गेलं. "आठे मशीनच नही शे!"

इथे मशीनच नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतके महिने आम्ही भिंतीपलीकडच्या खटखटीवर लय धरत होतो, आणि आमच्यापैकी कुणाला, मलाही, ते कळलं नव्हतं. लूमच्या पोरांना शांततेत सुरुवात कशी करायची हेच ठाऊक नव्हतं. शेजारी मुख्याध्यापकांनी उसासा सोडला. मला वाटलं, गेला तास.

मग ती मुलगी परीक्षकांकडे पाठ करून उभी राहिली. तिने अंगठा पुढे करून हवेत बटण दाबल्यासारखं केलं. खात्यात मशीन चालू करायची खूण. आणि तिने अनवाणी टाच लाकडावर आपटायला सुरुवात केली. खट-खट, खट-खट, अगदी आमच्या भिंतीची लय. एकाची टाच, दुसऱ्याची, मग सगळ्यांच्या. स्टेज घुमायला लागलं. नळ्या बोलल्या, गळे उघडले, आणि पोरं अशी गायली, अशी गायली, की मला माझ्या हातांचंही भान राहिलं नाही. ते केव्हाच मांडीखालून सुटून टाळ्या वाजवत होते.

पाठ दाखवली म्हणून गुण कापले, तरी दुसरा नंबर आला. एक परीक्षक बाई मला शोधत आल्या. "बेन, ती सुरुवातीची शांतता आणि मग टाचा, कुणी बसवलं?" मी ताठ मानेने म्हटलं, "मुलांनीच." त्यात खोटं काय होतं?

सोमवारी मुख्याध्यापकांनी त्या मुलीला ऑफिसात बोलावलं. मी तिथेच होते. समोर नवं वेळापत्रक होतं. ते म्हणाले, "संगीताचा तास राहील. कोणत्या दिवशी हवा, तूच सांग."

ती म्हणाली, "बुधवारी द्या, सर."

"बुधवारीच का?"

"त्या दिवशी खात्याला सुट्टी असते. मशीन बंद असतं. आम्हाला मशीनशिवाय गायचंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची मला गरज वाटली नाही. त्यांनी पेन उघडलं आणि बुधवारच्या खाली संगीत लिहिलं.